सोल्डरकाकूंचं ओलं फडकं

सोल्डरकाकू समोर येईल त्या वस्तूला आधी उलटा पंजा लावून बघत. आई आजारी पोराच्या कपाळाला लावते तसा. मिक्सर, रेडिओ, बॅटरी, चहाचा कप, काहीही असो, ताप बघितल्याशिवाय त्या पुढे बोलत नसत. एकदा माझा भाऊ गॅरेजच्या काउंटरवर पेंगत बसला होता, तर त्याच्या कपाळाला पंजा लावून म्हणाल्या, "हा काही गरम नाहीये. चालू आहे ना?"

कोथरूडला माझं गॅरेज आहे. मी कार्ब्युरेटरचा माणूस. इंजिनाला कान लावायचा, स्क्रू पाव वळसा फिरवायचा, की गाडी कशी मांजरासारखी गुरगुरायला लागायची. मग नव्या धर्तीच्या गाड्या आल्या आणि पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाशी एक अ‍ॅल्युमिनियमचा डबा आला. कागदोपत्री नाव ईसीएम, आम्ही सगळे कॉम्प्युटर म्हणायचो. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं तोच ठरवणार. माझ्या कानाला विचारतो कोण! मीही मग त्याला विचारणं सोडलं. डब्यात बिघाड दिसला की गिऱ्हाइकाला सांगायचो, "बदलावा लागेल," आणि दुसऱ्या गाडीखाली शिरायचो.

काकू टीव्हीच्या कारखान्यात सोल्डरिंगच्या लाइनवर लागल्या आणि पुढे त्याच लाइनच्या सुपरवायझर झाल्या. बाजारात परदेशी टीव्ही आले आणि कारखान्याला कुलूप लागलं. बरोबरीच्या कोणी पापड लाटायला बसल्या, कोणी पाळणाघर काढलं. "मीही पापड लाटले असते," काकू सांगत, "पण सगळे एका मापाचे झाल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. घरचे उपाशी मेले असते." त्यांनी फ्लॅटच्या गॅलरीत टेबल टाकलं आणि सोसायटीची बंद पडलेली यंत्रं गोळा केली. 'सोल्डरकाकू' हे नाव तिथलंच. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती.

माझी त्यांची गाठ पडली ती त्यांची स्वतःची गाडी दोरीने ओढत गॅरेजात आली तेव्हा. तोवर ती बरीच जुनी झाली होती. उन्हात तासभर चालली की मुकाट्याने बंद पडायची. आचका नाही, खोकला नाही, एकदम गप्प. निवली की पुन्हा चालू. मी वायर तपासल्या, पंप तपासला आणि नेहमीचा निकाल दिला, "कॉम्प्युटर बदलावा लागेल."

"उघडून बघितलात?"

"नाही."

"मग बिघडलोय म्हणून त्याने तुम्हाला आपणहून सांगितलं का?"

"बदलायलाच लागतो हो तो. पण या मॉडेलचा आता मिळत नाही. कंपनीने बंद केलाय."

"म्हणजे नवाच बसवायचा, आणि नवा मिळत नाही. छान! अहो मिस्त्री, असा सल्ला द्यायला गॅरेज कशाला लागतं? घरी बसूनही देता येतो की."

राग आला मला, खोटं कशाला सांगू! पण ती गाडी त्यांना का हवी होती ते कळल्यावर माझा आवाज खाली आला. काकूंच्या यजमानांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. काठी धरून चार पावलं टाकत, पण बोलणं जवळजवळ गेलं होतं. त्यांची सगळी नोकरी पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावाच्या बाजूला उसाच्या संशोधनात गेलेली. म्हणून दर रविवारी काकू त्यांना शेजारच्या सीटवर बसवून तिकडे न्यायच्या, कडेला ऊस दिसायला लागला की खिडकीची काच खाली करायच्या. मुलगा हिंजवडीला आयटीत. त्याने आपली नवी कोरी गाडी दारात आणून उभी केली, तर काका दाराला धरून नुसते उभे राहिले, आत पाऊल टाकीनात. जुन्या गाडीत मात्र बसल्याबरोबर चांगला हात आपोआप पट्ट्याकडे जायचा. तेव्हा ही गाडी बंद झाली असती तर त्या माणसाचं घराबाहेर पडणंच संपलं असतं.

दुसऱ्या दिवशी काकू पिशवी घेऊन आल्या. पिशवीत भिंग, विणकामाची लाकडी सुई, केस वाळवायचा ड्रायर, प्लॅस्टिकचा कागद आणि एक धुवट फडकं. मला वाटलं, बाई पोहायला निघाल्यात. त्यांनी इंजिन चालू करायला सांगितलं आणि पायाशी वाकून डब्यावर ड्रायरचा गरम वारा सोडला. थोड्या वेळाने इंजिन गप्प. मग डब्यावर प्लॅस्टिक पसरून वर गार पाण्यात पिळलेलं फडकं ठेवलं. इंजिन चालू. पुन्हा ड्रायर, गप्प. पुन्हा फडकं, चालू. "रोगी हाच," म्हणाल्या. त्या फडक्याच्या जोरावर त्या कित्येक रविवार मांजरीहून परत येत होत्या, हे मला तेव्हा समजलं.

मग डबा माझ्या टेबलावर उघडला. उघडण्याआधी मला दोन पावलं मागे सरकवलं. आतली एक चिप डब्याच्या भिंतीला टेकवून बसवलेली होती आणि मधली पांढरी पेस्ट वाळून तिचं पीठ झालं होतं. "ही चिप तापणारच, त्याला इलाज नाही," काकू भिंगातून न बघताच सांगू लागल्या. "पण तिची धग या भिंतीला पोचायला हवी. मधली पेस्ट वाळली की धग आतच राहते. मग सोल्डरचे टाके तडकतात." सुईने चिपचा एकेक पाय हलवून बघितला, एक हलला.

"माणसाचंही असंच असतं, नाही का?" मी म्हणालो.

"माणसाचं माणसाजवळ ठेवा. इथे स्क्रू धरा."

जुनं सोल्डर ओढून नवं भरलं, पीठ पुसून ताजी पेस्ट लावली, स्क्रू आवळला. त्या कामात त्यांचा हात जेवढा हळू चाले तेवढं हळू मी आयुष्यात कोणाला काही करताना बघितलेलं नाही. नंतर ड्रायर लावला तर इंजिन आपलं चालूच. शेवटी ड्रायरच तापून बंद पडला. मी अगदी टाळी वाजवून "शाब्बास!" म्हणालो. काकू म्हणाल्या, "शाब्बास म्हणायला मी तुमच्या हाताखाली कधी लागले?"

काही रविवार गेले आणि काकू पुन्हा दारात. चेहरा आंबट.

"मिस्त्री, गाडी बंद पडत नाहीये."

"मग झकास की!"

"तुमच्यासाठी असेल." बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. "तिकडे गाडी बंद पडली की हे विचारायचे, 'तापली का गं?' मी हो म्हणायचे. हे म्हणायचे, 'थांबू मग.' मी फडकं ठेवायचे आणि आम्ही उसाकडे बघत बसायचो. एखादवेळी आणखी काहीतरी बोलायचे. एकदा मला माहेरच्या नावाने हाक मारली. आठवडाभरात तेवढंच बोलणं हो. आता गाडी झूमकन जाते नि झूमकन परत येते. तोंडातून चकार शब्द नाही."

"मग आपणच चावी फिरवून बंद करायची."

"करून बघितलं. माझ्या हाताकडे बघत बसले. वर्षानुवर्षं चालवलीय त्यांनी ही गाडी. बंद केलेली आणि बंद पडलेली त्यांना बरोबर कळते. तुम्ही मला पेट्रोलच्या पंपाचा स्विच बसवून द्या. सीटखाली, दिसणार नाही असा."

जन्मभर बंद गाड्या चालू करत आलो, धडधाकट गाडी बंद पाडायचं काम पहिल्यांदाच हातात आलं. पण बसवला स्विच. काकूंनी दाबून बघितला, इंजिन पूर्वीसारखंच मुकाट्याने गप्प झालं. त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

त्यानंतर सोमवारी भाजी आणायला जाताना त्या गॅरेजसमोर क्षणभर थांबत आणि न विचारता सांगत. "काल दोन वाक्यं." किंवा, "काल काही नाही." एकदा म्हणाल्या, "काल म्हणाले, पाणी कमी पडलंय. उसाला म्हणाले की मला, ते काही विचारलं नाही." मी सोमवारची वाट बघायला लागलो होतो.

उन्हाळा लागता लागता काका गेले. मी भेटून आलो. दिवसकार्य आटोपल्यावर काकू गाडी घेऊन आल्या. "तो स्विच काढून टाका. आता कोणाला दाखवायचंय?" मी स्विच काढला. काढताना मला रडू आलं. सीटखाली डोकं होतं म्हणून निभावलं.

पुढच्याच रविवारी फोन. "मिस्त्री, मांजरीपाशी गाडी बंद पडलीय."

भर उन्हात सगळं पुणं ओलांडून स्कूटरने गेलो. वाटेत त्या चिपला, त्या टाक्यांना आणि स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. आपल्याच हातून स्क्रू ढिला राहिला असणार! पोचलो तर गाडी उसाच्या कडेला उभी. पलीकडच्या अर्ध्या शेतात नव्या इमारतींचे खांब उभे राहिले होते. डावीकडची काच खाली केलेली, सीट रिकामी. काकू स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होत्या. चावी फिरवून बंद केलेली मला बाहेरूनच दिसली.

डब्यावर प्लॅस्टिक होतं आणि वर फडकं. फडकं आता पार सुकलं होतं. मी ते उचललं आणि डब्याला उलटा पंजा लावला. डबा गार होता.

"काय झालंय?" काकूंनी समोर बघतच विचारलं.

मी त्यांच्या बाटलीतल्या पाण्यात फडकं भिजवलं, पिळलं आणि होतं तसं परत ठेवलं.

"तापलीय," मी म्हणालो. "थांबावं लागेल."

काकूंनी मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं. माझं निदान त्यांनी कधीच मान्य केलं नव्हतं.

"थांबू मग," त्या म्हणाल्या.