न दुखणारा खडा

गुलमंडीतल्या साड्यांच्या दुकानात मी नऊ वर्षं काम केलं. पहिल्याच दिवशी आक्कानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "पाणी बेतानं पीत जा बाई. इथं बायांची सोय नाय." आक्का माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, दुकानातली सगळ्यात जुनी बाई. पुरुष गल्लीच्या टोकाच्या मुतारीत जाऊन यायचे. आम्ही दोघी सकाळी घरून निघताना जायचो, ते थेट रात्री घरी पोचल्यावरच. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावरून गठ्ठे काढताना पोलकं घामानं भिजायचं, तरी माझी बाटली बहुतेक भरलेलीच परत जायची. लघवी गडद पिवळी व्हायची, जळजळायची. सगळ्यांचंच असं असतं, असं मी धरून चालले होते.

शेवटच्या वर्षी मे महिन्यात मी एका नवरीपुढं शालू उलगडत होते. पाठीतून एकदम कळ निघाली आणि जांघेपर्यंत उतरली. मी गादीवरच वाकडी झाले, ओकारी आली. आक्कानं मला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत मूतखडा निघाला. औषधं घेत, कळांनी लोळत दिवस काढले, बाराव्या दिवशी तो पडला. ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान, पण काटेरी. मी तो डबीत घालून नेला. तपासणीत कॅल्शियम ऑक्झॅलेट आलं.

घरच्यांनी बोअरच्या पाण्याला दोष दिला होता आणि माझं दूध-दही बंद केलं होतं. मी डॉक्टर मॅडमना ते सांगितलं.

"दूध कशाला सोडलंत?" त्या म्हणाल्या. "जेवणातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच धरतं, लघवीत कमी जाऊ देतं. मीठ कमी करा. आणि हे क्षार सगळ्यांच्याच लघवीत असतात. पाणी भरपूर असलं की विरघळलेले राहतात, निघून जातात. पाणी कमी पडलं की त्यांचे कण जमतात, कणावर कण बसतो. दिवसभरात किती पाणी पिता?"

मी आक्काकडं बघितलं. ती माझ्यासोबत आली होती.

"दोन-तीन पेले," मी म्हणाले.

मॅडम काही बोलायच्या आत आक्काच पुढं झाली. "मॅडम, मला सारखा बारीक ताप येतो. जळजळ हाय, वरचेवर. गोळी घेतली की उतरतं. दुखत मात्र काहीच नाय."

त्यांनी तिचीही सोनोग्राफी करायला लावली. दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन आम्ही परत गेलो. आक्काच्या डाव्या किडनीत खडा होता, माझ्यासारखा दाणा नव्हे. हरणाच्या शिंगासारखे फाटे फुटलेला, सगळी किडनी भरून बसलेला.

"हा जंतूंमुळं होतो," मॅडम म्हणाल्या. "लघवी धरून धरून आत जंतू वाढतात. मग मॅग्नेशियम, फॉस्फेट असे क्षार तिथं साचत जातात. ही किडनी आता जवळजवळ काम करत नाही."

"पण दुखलं कुठं?" आक्का म्हणाली. "दुखलं असतं तर आले असते की मी."

किडनी काढावी लागली. मी शेठकडं गेले. दुकानाच्या मागच्या बोळात बायांसाठी एक बाथरूम बांधा, असं मी त्यांना सांगितलं. ते गल्ल्यावर बसून ऐकत होते. "माल ठेवायला जागा नाय, तुम्हाला बाथरूम कुठून देऊ?" ते म्हणाले, आणि गिऱ्हाइकाकडं वळले. पंधरा दिवसांत आक्काच्या जागी दुसरी बाई आली. मीही काम सोडलं. आता चिकलठाण्यात एका कारखान्यात पॅकिंगला आहे.

आक्काची दुसरी किडनीही आधीपासूनच खराब होती. वर्षाच्या आत डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. सुट्टीच्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसायची. हातावर सुया टोचलेल्या, पाय सुजलेले. एकदा ती म्हणाली, "शेठला सांग, दिवाळीपर्यंत येते म्हणावं. माझी जागा कुणाला देऊ नका."

"सांगते आक्का," मी म्हणाले. जागा कधीच दिलेली होती, हे माझ्या तोंडून निघालं नाही. तिनंही पुन्हा विचारलं नाही. तिला बहुतेक कळलं असावं.

दिवाळी झाली आणि थंडीत ती गेली. शेठ मातीला आले होते. आक्काच्या लेकाचा हात हातात धरून ते सांगत होते, "लई कष्टाळू बाई. सकाळी उभी राहिली की रात्रीपर्यंत जागची हलायची नाय."

लेक मान हलवत राहिला. मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होते. ती जागची का हलत नव्हती, हे त्या पोरासमोर मी काढलं नाही. मी रिक्षा करून घरी आले.