सुभेदारीणकाकींचा संशय

सुभेदारीणकाकी कुणाच्या हातातून सुई घेत नसत. "खाली ठिव," म्हणायच्या. हातोहात सुई दिली की भांडण होतं म्हणे. मग जमिनीवरची सुई उचलून तिचं टोक उजेडात बघायच्या. नवरा सुभेदार होऊन फौजेतून इस्लामपुरात परतला म्हणून हे नाव. गल्लीवर पहारा मात्र काकींचाच. दूधवाला, रिक्षावाला, देवळातला गुरव, त्यांच्या नजरेतून कुणी सुटलं नाही.

मी घरी साशिकोचा क्लास घेते. निळ्या कापडावर पांढऱ्या जाड दोऱ्याने धावदोरा घालून नक्षी उठवायची, ही जपानी तऱ्हा मी मोबाइलवर बघून शिकले. शेजारच्या काकी शिकायला नव्हे, तपासायला यायच्या. कापड हातात आलं की आधी उलटं करायच्या. "सुलटी बाजू ग्वाड बोलती गं, उलटी खरं बोलती."

"जपानी कसलं डोंबलाचं? ही तर आमची वाकळ हाय. कुणीतरी चोरून न्हेली तकडं!" चोर कोण ते त्यांनी सांगितलं नाही. तपास चालू होता.

माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा मी हट्टाने साशिकोचं दुपटं शिवलं. काकींनी ते उलटून पाहिलं आणि चक्क एक शब्द बोलल्या नाहीत. मला तेव्हाच खटकलं. दुसऱ्या दिवशी दुपटं गायब. मधे काकींशिवाय घरात कुणी आलं नव्हतं. "म्हातारीनेच उचललं," मी नवऱ्याला म्हटलं. तोंडावर विचारायचा धीर झाला नाही, पण काकी माझ्या मनातून साफ उतरल्या.

मुलगी झाली. बारशाला काकी आल्या आणि दुपटं माझ्यापुढे जमिनीवर ठेवलं. एक कोपरा उसवलेला.

"काकी, हे तुम्हीच नेलं होतं ना?"

"व्हय, न्हेलं. मागल्या बारीला बी तू आधीच समदं शिवून ठिवलं हुतंस. बघितलं हुतं मी. माझा न्हाई बाई त्या वरच्यावर इश्वास. बाळाआधी समदं पुरं झालेलं दिसलं की न्हेतो त्यो."

मग उघड्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून त्यांनी तो शिवून टाकला. वाकळ पुरी करताना तिला असा घास देतात, म्हणजे पांघरणारा उपाशी राहत नाही. मला रडू आवरेना.

काकींना जाऊन वर्ष होईल. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण परवा क्लासमधल्या एका दिवस गेलेल्या मुलीचं शिवून झालेलं दुपटं हरवलं. तिला माझाच संशय आहे. असू दे. ते माझ्या कपाटात आहे, एक कोपरा उसवून.