पायांकडे बघणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजले होते आणि मी वारज्यातल्या आमच्या पाळणाघरात मऊभाताच्या वाट्या लावत होते. सतरा मुलं, सतरा वाट्या, त्यातली एक बिनतुपाची. त्यांच्या भाचीने थोडक्यात सांगितलं, पहाटे झोपेतच गेल्या, हृदयाचं दुखणं होतं, बरेच महिने. मी ‘बरं’ म्हणाले, भात वाढला, तोंडं पुसली, मुलांना झोपवलं आणि मग दाराशी त्यांच्या बुटक्या लाकडी स्टुलावर जाऊन बसले. ‘बरेच महिने’ एवढंच डोक्यात फिरत होतं. रोज आठ वाजल्यापासून आम्ही दोघी एका छताखाली असायचो. मग मला कसं कळलं नाही? की त्यांनी कळू दिलं नाही... तीन आठवडे झाले, अजून मी त्याच प्रश्नावर आहे.

कुंदाताईंनी खडकीला एका कारखान्याच्या पाळणाघरात बावीस वर्षं काढली होती. निवृत्तीनंतर त्यांनी वारज्यात तळमजल्यावर स्वतःचं पाळणाघर सुरू केलं. माझी मुलगी तिथेच वाढली. एकदा तिला न्यायला गेले असताना मी कोणालाही न विचारता मुलांच्या औषधांचा डबा लावला, बाटल्यांवर नावं चिकटवली. त्या म्हणाल्या, “वैशाली, एवढाच उत्साह असेल तर पगार घे आणि कर.” त्याला अकरा वर्षं झाली. याद्या माझ्याकडे आल्या. शेंगदाणे कोणाला चालत नाहीत, न्यायला कोण येतं, घरी मोठं माणूस कोण असतं, सगळं माझ्या रकान्यांत. कुंदाताईंकडे यादी नव्हती, एक सवय होती. सकाळी दारात त्या स्टुलावर बसायचं, प्रत्येक मुलाचा पाय मांडीवर घ्यायचा आणि बूट-मोजे स्वतःच्या हातांनी काढायचे. मागे पालकांची रांग लागायची. मी बुटांचं रॅक आणलं, खणांवर नावं लावली, आईवडिलांनीच बूट काढून ठेवले तर रोजची पंधरा मिनिटं वाचतील असं सुचवलं. “वाचलेली मिनिटं कुठल्या खणात ठेवणार आहेस?” त्यांनी विचारलं आणि पुढच्या मुलाचा पाय ओढला.

त्या संशयी होत्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण शोकसभेत सगळे त्यांना प्रेमळ, मायाळू म्हणत होते आणि त्या ऐकत असत्या तर वैतागल्या असत्या. मोठ्यांच्या बोलण्यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. बोलणं माणूस घरून ठरवून येतो, म्हणायच्या, मुलाचे मोजे कोणी ठरवत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे साडेतीन वर्षांची एक मुलगी यायची. तिला मी इथे रेवा म्हणते. वडील हसतमुख, गाडी मोठी, बूट महागाचे. आई कामासाठी सहा महिने बंगळूरला गेली होती. फॉर्मवर ‘घरी मोठं माणूस’ यासमोर ‘आजी’ लिहिलेलं होतं, त्यावर माझी बरोबरची खूण होती. कुंदाताई मला हळूच सांगायला लागल्या, रेवाचे बूट दोन नंबर लहान आहेत, बोटं मुडपलीत. सोमवारचेच मोजे गुरुवारी आहेत. सोमवारी सकाळी ती दोन मुलांचं खाते. मी म्हटलं, एकट्या बापाची धांदल होत असेल. आणि माझ्या स्वभावाप्रमाणे त्यावर उपाय केला. रेवासाठी वेगळी पिशवी भरली, त्यात दोन फ्रॉक, मोजे, पुरळावरचं मलम, नेलकटर, कंगवा. आल्या आल्या अंघोळ, नखं, मलम, धुतलेले कपडे. संध्याकाळी दोन घट्ट वेण्या घालून घरी. रोज केलेल्या प्रत्येक गोष्टीवर खूण. महिन्याच्या तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी तिच्या कार्डावर ‘उत्तम’ लिहिलं आणि मला बरं वाटलं.

ती पिशवी कुंदाताईंच्या नजरेला पडली तेव्हा त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत. “डॉक्टरांना रेवा दिसलीच नाही गं. तुझं काम दिसलं. महिनाभर आपण दोघी त्या घरावर पांघरूण घालतोय.”

मी म्हटलं, घरी आजी आहे ना. त्यांनी विचारलं, “तू पाहिलीस?” मी पाहिली नव्हती. वर्षभरात ती एकदाही न्यायला आली नव्हती, आणि खूण मात्र मी केली होती.

दुसऱ्या दिवशी बुटाची पट्टी सोडता सोडता त्यांनी रेवाला सहज विचारलं, काल केस कोणी विंचरले, आजीने का? रेवा म्हणाली, “आजीचा हात बाहेर येत नाही.” कुठून, असं विचारल्यावर म्हणाली, “फोनमधून.” पुढचं दोन दिवसांत तिनेच तुकड्या-तुकड्याने सांगितलं. संध्याकाळी बाबा बाहेर जातात, दाराला कुलूप असतं, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला असतो आणि अमरावतीची आजी त्यातून गोष्टी सांगते. बॅटरी संपली की आजी जाते. मग रेवा दाराजवळ बसते.

कुंदाताईंनी खोदून काहीच विचारलं नाही, मलाही विचारू दिलं नाही. तिचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवले, खाली तारीख घातली. मी म्हटलं, आधी वडिलांशी बोलू या. एरवी आमचा नियम तोच होता, आधी घरच्यांचं ऐकून घ्यायचं. या वेळी त्या नाही म्हणाल्या. “कुलूप लावणाऱ्याला आधी विचारलं तर उद्यापासून ती इथे येणारच नाही. मग ती कोणाला दिसणार?” मी धोके मांडले. आपण चुकलो तर पाळणाघराचं नाव जाईल, चार पालक मुलं काढून नेतील. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “चुकलो तर मी त्याच्या घरी जाऊन माफी मागेन. गप्प बसलो आणि काही झालं, तर माफी कोणाची मागायची ते तुझ्या यादीत बघून सांग.” आणि माझ्यासमोरच मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेल्पलाइनकडून चौकशीला एक बाई आल्या. रेवा रंगीत ठोकळे रचत होती, नीटनेटकी, वेण्या घातलेली. सवयीने त्या दिवशीही मी तिला अंघोळ घातली होती. बाई म्हणाल्या, “मूल तर व्यवस्थित दिसतंय.” कुंदाताईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि माझी यादी आणून दिली. सव्वीस दिवसांच्या खुणा, अंघोळ, मलम, कपडे, दुसऱ्यांदा भात. बाईंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, “हे सगळं रोज इथे का करावं लागत होतं?” मग मी सांगितलं, काय धुतलं आणि काय झाकलं तेसुद्धा. त्याच संध्याकाळी त्या माणसं घेऊन रेवाच्या घरी गेल्या. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आत ती होती.

पुढे रेवाचे वडील पाळणाघराच्या दारात येऊन तावातावाने बोलले. तुम्ही पाळणाघर चालवता की लोकांच्या घरात हेरगिरी करता? कुंदाताई स्टुलावरून उठल्यासुद्धा नाहीत. “फीमध्येच धरलंय ते,” म्हणाल्या. प्रकरण बालकल्याण समितीकडे गेलं, तिथे काय झालं ते सगळं आम्हाला कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं. पण आई बंगळूरहून परतली आणि महिन्याभरात आजी अमरावतीहून आली. पहिल्या सकाळी ती दारात उभी राहून म्हणाली, “मले वाटे, पोरगा आतल्या खोलीत कामाले बसला आहे. मोबाइलात जेवढं दिसे, तेवढंच मी पाहू.” कुंदाताईंनी तिचं बोलणं पूर्ण होऊ दिलं, मग सरकून तिला स्वतःचं स्टूल दिलं. त्या दिवशी रेवाचे बूट आजीने काढले. बूट नवे होते, मापाचे.

एवढं सगळं शिकूनही मी कुंदाताईंच्या बाबतीत काय केलं? गेल्या दिवाळीनंतर त्यांनी पाळणाघरात घालायला पुरुषांच्या रबरी चपला आणल्या, नऊ नंबरच्या. त्यांचा पाय सहा नंबरचा. मी थट्टेने विचारलं, कोणाच्या उचलून आणल्या? “सेलमध्ये उरल्या होत्या,” त्या म्हणाल्या, आणि मी ते मान्य केलं. स्टुलावर बसल्या की त्या पाय साडीखाली ओढून घ्यायच्या. भाचीकडून आता कळतंय, पायांना सूज होती, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. त्यांनी लपवलं असा माझा संशय आहे. त्याहून मोठा संशय माझ्यावर आहे. मुलांसाठी माझ्याकडे रकाने होते, त्यांच्यासाठी एकही नव्हता, म्हणून मी बघितलं नाही.

आता सकाळी स्टुलावर मी बसते. परवा एक वडील घड्याळ बघत म्हणाले, “मॅडम, रॅक आहे ना, ठेवतो की मी बूट.” मी त्यांच्या मुलाचा पाय मांडीवर घेतला आणि मोजा उलटा करून काढला. टाचेला नवा फोड होता. कुठे लागलं, म्हणून विचारलं, तर वडिलांनी वाकून पहिल्यांदाच तो पाहिला.

कुंदाताईंच्या चपला रॅकच्या खालच्या खणात तशाच आहेत. त्या खणावर नाव नाही. आवरण्याच्या नादात मी त्या दोनदा उचलल्या आणि दोनदा परत ठेवल्या. तळाला आकडा ठळक आहे, स्टुलावरूनही वाचता येतो.