दोन कप बाजूला

आमच्या गोरखपूरच्या घरी गेल्या हिवाळ्यात आजी-आजोबांच्या वयाचं एक अमेरिकन शेतकरी जोडपं राहून गेलं. त्यांची मक्याची आणि सोयाबीनची शेती, शिवाय गोठाभर दुभत्या गाई. अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखात आमची मुलगी शिकते. तिकडे एका बर्फाच्या वादळात रस्ते बंद झाले, तेव्हा या दोघांनी तिला लेकीसारखं घरी ठेवून घेतलं होतं. ते मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती. ही माणसं सैन्यात जात नाहीत, शपथ घेत नाहीत आणि डामडौल करत नाहीत. त्यांच्या पंथाची जुनी मंडळी छत्तीसगडात आहेत, त्यांना भेटायला जाण्याआधी आठवडाभर आमच्याकडे उतरणार होते. मी रेल्वेच्या लेखा विभागात आहे. पाहुणे यायच्या आधी मी टाकीतलं पाणी, गीझरची क्षमता आणि माणसं यांचा मेळ घालून पाहिला होता. सगळं पुरेसं होतं. एकच बाब हिशेबात धरायची राहून गेली, ती म्हणजे भांडी.

पहिल्या रात्री जेवण झालं आणि दोघं एकदम उठली. आजोबांनी बाह्या वर केल्या, आजींनी ताटं गोळा केली. पांढरी जाळीची टोपी घातलेल्या आजी आणि सहा फुटी आजोबा आमच्या बेसिनपाशी उभे राहिले. ते घासत होते, त्या पुसत होत्या.

बायको मला दारातच गाठून म्हणाली, "अहो, पाहुणे भांडी घासून राहिले अन् तुम्ही बघून राहिले. बसवा ना त्यांना."

मी बसवायला गेलो. आजोबांनी शांतपणे सांगितलं की लग्न झाल्यापासून ते दोघं रोज असेच उभे राहतात. कालवड विकायची की ठेवायची, पेरणी कधी करायची, मुलीला स्थळ पसंत आहे का, सगळं बेसिनपाशी ठरलं. "दुसरीकडे कुठे बोलायची आम्हाला सवय नाही," ते म्हणाले.

मी बाहेर येऊन बसलो.

सकाळी आमची कामाची बाई आली. ती आमच्याकडे मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून आहे, आणि बायकोला दीदी आणि मला भैया म्हणते. बेसिन कोरडं पाहून ती तिथेच थांबली.

"दीदी, बर्तन कहाँ गए?"

बायकोने सांगितलं. बाईने खोलीत डोकावून टोपीवाल्या आजींकडे बराच वेळ पाहिलं. मग पदर खोचून झाडू मारला, पण झाडू मारताना एक शब्द बोलली नाही. एरवी ती अख्ख्या गल्लीची बातमी देते.

दुसऱ्या दिवशीही बेसिन कोरडं. तेव्हा ती बोलली. समोरच्या घरी भांडी धुण्याचं मशीन आलं आणि तिचं तिथलं काम गेलं, त्याला महिनाही झाला नव्हता. "वहाँ भी पहले यही बोले थे, दो-चार दिन देखते हैं. अब आपके यहाँ तो दो-दो मशीन आ गईं."

"अगं, ते पाहुणे आहेत. जाणार आहेत," बायको म्हणाली. "तुझा पगार कोण कापून राहिलं?"

"बिना काम के कब तक दोगी दीदी? एक दिन भैया ही हिसाब लगाएँगे."

हे माझ्याबद्दल होतं आणि रास्त होतं.

तिसऱ्या दिवसापासून ती लवकर यायला लागली. पण ज्यांचा जन्म पहाटे गाई पिळण्यात गेला त्यांच्या आधी उठणं सोपं नाही. बाई अंधारात शाल गुंडाळून आली, तर आजोबा चहाचे कप विसळत होते. त्यांनी तिला हसून गुड मॉर्निंग म्हटलं. बाईने ते धमकी म्हणून घेतलं. जी माणसं कुठल्याच लढाईत उतरत नाहीत, त्यांच्याशी आमच्या स्वयंपाकघरात रोज पहाटे लढाई चालू झाली आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

मग बायकोने खरकटी भांडी बाईसाठी लपवायला सुरुवात केली. कढई पलंगाखाली गेली. पोळ्यांचा तवा आणि डाळीचं पातेलं गॅलरीतल्या बंद कूलरमध्ये. मी स्वतः कुकर ऑफिसच्या बॅगेत घालून जिन्याखाली ठेवून आलो. पगारदार माणूस आपल्याच घरातला कुकर चोरून नेतो, हे शेजारच्यांनी पाहिलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

टोपी वाळत घालायला आजी गॅलरीत गेल्या आणि त्यांना वास आला. त्यांनी कूलर उघडला. संध्याकाळी आजोबा माझ्याशेजारी बसून फार आदराने म्हणाले, "डाळ थंड यंत्रात ठेवणं हा तुमच्या धर्माचा भाग आहे का? असेल तर आम्ही हात लावणार नाही."

हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण शपथ न घेताही खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं सांगणं मला जमेना. मी सांगून टाकलं की तुम्ही भांडी घासता म्हणून आमच्या बाईला काम जायची भीती वाटते.

दोघं उठून बेसिनपाशी गेली. तिथे खरकटं काहीच नव्हतं. आजोबांनी मांडणीवरचे दोन स्वच्छ पेले काढले आणि ते धुतले. आजींनी पुसले. पेले जागेवर ठेवून दोघं बाहेर आली, आणि निर्णय झालेला होता. त्यांच्या चर्चमध्ये माणसं एकमेकांचे पाय धुतात, बायका बायकांचे, पुरुष पुरुषांचे. आपल्याकडून दुखावलेल्या माणसाचे तर धुवायलाच हवेत. त्यांना एक मोठं भांडं हवं होतं.

"परात देणार नाही, पिठाची आहे," बायको मला मराठीत म्हणाली. "न्हाणीतला टब द्या."

सकाळी बाईला पाटावर बसवलं तेव्हा ती घाबरली. "हमारे पाँव? काहे? हम मर रहे हैं क्या?"

आजी गुडघे टेकून खाली बसल्या. बाईने पाय वर ओढून घेतले, पाप लागेल म्हणाली, बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बायको म्हणाली, "धुऊन घे बाई, नाहीतर त्या उठणार नाहीत अन् मला नाश्ता करायचा आहे."

बाईने एक पाय पाण्यात ठेवला, मग दुसरा. आजींनी दोन्ही धुतले, पुसले, आणि फुटलेल्या टाचा पाहून खोलीतून मलमाचा हिरवा डबा आणला. मी त्यावरचं वाचून सांगितलं की हे गाईच्या सडांना लावायचं मलम आहे.

बाई प्रथमच सैल झाली. "गऊ माता का है? तब ठीक है, लगा दो."

मग उलटं. त्यांच्या रीतीत धुणं दोन्हीकडून होतं. बाईने आजींचे पाय आमच्या कढईसारखे घासले. आजींच्या पायांचा रंगच बदलला. तेवढ्यात आजोबा दुसरं पाणी घेऊन माझ्याकडे वळले. यजमान म्हणून नुकसान माझंही झालं, असं त्यांचं म्हणणं. मला मोजे काढावे लागले. पाणी कोमट होतं, त्यांचे हात पोत्यासारखे खरखरीत. मग मी त्यांचे पाय धुतले. टबात त्यांचा एका वेळी एकच मावला. बायको दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

शेवटी टब उचलायला आजी वाकल्या. बाईने काठावर हात ठेवला. "अम्माजी, ये छोड़ दो."

दोघींनी टब धरलेला. आजींनी आजोबांकडे पाहिलं. बेसिनपाशी जायची सोय नव्हती, मध्ये बाई उभी होती. आजींनी हात काढला.

बाईने टब रिकामा केला आणि गरजेपेक्षा बरीच जास्त पावडर वापरून घासला. मग पलंगाखालची कढई आणि जिन्याखालचा कुकर स्वतः शोधून आणला. तिला जागा माहीत होत्या.

त्या दिवशी पाहुण्यांनी भांड्यांना हात लावला नाही. दुपारभर दोघं खुर्च्यांवर समोरासमोर बसून होती, हात मांडीवर, एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशीची गाडी सकाळची पकडायची की रात्रीची, हे त्यांना ठरवायचं होतं. मला ते बघवेना. त्यांचं बोलणं कुठे होतं, ते बायकोने संध्याकाळी बाईला सांगितलं.

बाईने सगळी भांडी घासली, ओटा पुसला, चप्पल घातली आणि दारातून परत फिरली. चहाचे दोन कप तिने खरकटेच बेसिनमध्ये ठेवलेले होते.

"ये दो उनके हैं," ती बायकोला म्हणाली. "इनको हाथ मत लगाना."