माशीचं टिंब आणि वकिलाचा काना

त्याला सगळे कानामात्रा वकील म्हणायचे. जमीनजुमला, भागीदाऱ्या, भिंती-कुंपणं यांचे दावे लढवण्यात त्याचे केस पिकले, पण कागदातली एक वेलांटी कधी त्याच्या तावडीतून सुटली नव्हती. एका मृत्युपत्राचा किस्सा तर तो ऐकणाऱ्याचे कान किटेपर्यंत सांगे. तीन मुलांच्या बापानं दुकान ‘धाकट्या मुलास’ लिहून ठेवलं होतं. पण ‘ला’च्या डोक्यावर टिंब! म्हणजे झालं ‘मुलांस’, आणि मधला वाटा मागायला हजर. आपल्या वकिलानं भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, ही शाई नव्हे. इथं माशी बसून गेलीय.” अख्खं कोर्ट हसलं. मधला मात्र हसला नाही. जिन्यात आडवा येऊन हळूच म्हणाला, “वकीलसाहेब, माशी काय, तुमच्याही कागदावर बसेल की एक दिवस.”

किस्सा सांगताना वकील हे शेवटचं वाक्य तेवढं गाळायचा.

तर एका सकाळी लाकडाच्या वखारीतली थोरली वहिनी त्याच्याकडे आली. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. वखारीच्या वरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. धाकट्या दिरानं वखार आणि वरचं घर परस्पर विकून टाकलं होतं. सोमवारी खोल्या रिकाम्या करा, असं सांगायला घेणाऱ्याची माणसं दोनदा येऊन गेली होती. दुसऱ्या वेळी जाताना जिन्याचा कठडा तेवढा उपटून घेऊन गेली.

“करार तीस वर्षांपूर्वी तुम्हीच लिहिलात,” वहिनी म्हणाली. “तुम्हीच वाचून दाखवलात. ‘थोरली पाती व धाकटी पाती यांच्या सहीने विकता येईल.’ मी चहाचे कप घेऊन दारातच उभी होते.”

“मग भिता कशाला? थोरली पाती म्हणजे थोरल्या भावाचा वाटा, तो आता तुमचा. दोघांची सही पाहिजे म्हणजे पाहिजे.”

“पण भावजी म्हणतात, कागदात ‘व’ नाही, ‘वा’ आहे. दोघांतल्या कुणाही एकाची सही चालते म्हणे.”

वकील खो खो हसला. “धचा मा केलाय लेकानं! काना मागाहून ठोकलाय. असले काने मी झोपेत ओळखतो, वहिनी. मूळ कागद कोर्टात येऊ दे, मग बघा.”

तातडीचा दावा लागला आणि मूळ कागद कोर्टात आला. तो तपासायच्या वेळी धाकटा जातीनं शेजारी येऊन उभा राहिला. “बघा, सावकाश बघा. तुमच्या अक्षरावर आमचा फार भरवसा,” म्हणाला आणि गोड हसला.

त्यानं भिंग धरलं. मागाहून घातलेला काना दाटीवाटीनं बसतो, वरच्या रेघेला सांधा दिसतो. इथं सांधा नव्हता. रेघ एका दमात ओढलेली, पुढच्या ‘धा’ला जागा ऐसपैस. आणि कान्याचा पाय किंचित डावीकडे वळलेला. तो पाय बघून त्यानं भिंग पुसून पुन्हा धरलं. गुरुजींनी पट्ट्या मोडल्या तरी न गेलेली खोड होती ती. काना त्याचाच होता! लिहिताना हात ‘वा’ लिहून गेला, आणि वाचताना डोळ्यांऐवजी मनानं ‘व’ वाचलं.

त्या दिवशी आपण कसल्या नादात होतो, हे त्याला काही केल्या आठवेना. मग असे आणखी किती दिवस गेले असतील? घरच्या कपाटात त्यानं लिहिलेल्या तीनशेवर करारांच्या नकला होत्या.

“सापडली माशी?” धाकटा कानाशी लागला. “काना मागाहून घातला म्हणा हवं तर. तज्ज्ञ येईल, शाई एकच निघेल, वहिनी हरतील. तुमची झाकली मूठ सव्वा लाखाची. पण खरं बोललात ना, तर ज्यांचे ज्यांचे कागद तुम्ही लिहिलेत, ते सगळे भिंग घेऊन बसतील.”

दुपारी वकील घरी जेवायला बसला, पण घास काही उचलेना.

“अहो, भातात काना-मात्रा नसते,” बायको म्हणाली. “जेवा.”

मग त्यानं सगळं सांगितलं.

“कठडा नाही, तर वहिनी जिना उतरतात कशा हो?”

“भिंतीला धरून.”

“मग तुमच्या नावाचा कठडा गेला, तर उद्या तुम्हीही धरा भिंत.”

दुसऱ्या दिवशी त्यानं वहिनीला आपल्याच तोंडानं सगळं सांगितलं, तिला दुसरा वकील गाठून दिला, आणि स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. “काना माझा, चूकही माझी. मी वाचून दाखवलं ते ‘व’, आणि दोघा भावांनी सही केली तीही ‘व’वरच.”

या वेळी कोर्टात कुणी हसलं नाही. निकाल लागेपर्यंत घराला कुणी हात लावायचा नाही, असा मनाई हुकूम झाला. वहिनीनं हुकमाच्या कागदावरून नुसतं बोट फिरवलं. धाकटा जाता जाता एवढंच म्हणाला, “आता बघा गंमत.”

सोमवारी सकाळी दूध घ्यायला बायकोनं दार उघडलं आणि लगेच लोटून घेतलं.

“जिन्यात माणसं आहेत.”

“किती?”

“खालपर्यंत.”

त्यानं फटीतून पाहिलं. एकेका पायरीवर एकेक माणूस, आणि प्रत्येकाच्या हातात पिवळा पडलेला कागद.

“एकेकाला आत पाठव,” तो म्हणाला, आणि भिंग शोधू लागला. टेबलावर पाहिलं, खणात पाहिलं. ते कुठं ठेवलं होतं, हे त्याला काही केल्या आठवेना.