तात्यांनी नेलेलं कुलूप

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या पायऱ्यांवर होते. अंगणवाडी सेविकांचा मोर्चा होता, निवेदन द्यायचं होतं आणि साहेब जेवायला गेले होते. फोन सुमनकाकूंचा, तात्यांच्या पत्नीचा. "सुरेखा, हे गेले गं. चहा घेतला, पेपर मागितला... मी पेपर घेऊन आले तोवर संपलं होतं." मी "येते" म्हणाले, साहेबांची वाट पाहिली, निवेदन दिलं, त्याची पोच घेतली आणि मग रिक्षा करून पंचवटीत गेले. यावर नंतर पक्षातल्या काहींनी तोंडं वाकडी केली. सुमनकाकूंनी मात्र मला दारात पाहिल्यावर विचारलं, "पोच मिळाली का?" संध्याकाळी मेडिकल कॉलेजची गाडी आली. देहदानाचा फॉर्म तात्यांनी केव्हाच भरून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला होता, म्हणजे शोधाशोध नको.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. तात्यांवर बरंच छापून आलं. त्यांचे मोर्चे, त्यांचा तुरुंगवास, त्यांची साधी राहणी. ते सगळं खरं आहे आणि ते लिहायला इतर लोक आहेत. मला एका कुलपाबद्दल लिहायचं आहे.

मी बावीस वर्षांची असताना सातपूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. आम्हा अकरा जणींना एका सकाळी गेटवरूनच परत पाठवलं. कुणीतरी सांगितलं, जुन्या नाशकात हार्डवेअरच्या दुकानावर लाल पाटी आहे, तिथं जा. आम्ही गेलो तर जिन्यात एक माणूस हातात केरसुणी घेऊन उभा. मला वाटलं शिपाई आहे. मी म्हणाले, "साहेब कधी येतात?" तो म्हणाला, "साहेब नाय इथं. जिना झाडून होऊ दे, मग बोलू." हे तात्या, पक्षाचे जिल्हा सेक्रेटरी. घर फुलशेतीवाल्यांचं, भाऊ अजून झेंडू आणि शेवंती बाजारात नेतात, आणि हे मॅट्रिकनंतर पक्षात आले ते परत गेलेच नाहीत. आमची केस सुटायला चार वर्षं लागली. तोवर मी पक्षाची झाले होते. एक दिवस तात्यांनी ऑफिसची दुसरी किल्ली माझ्या हातावर ठेवली. कुलूप मोठं, पितळी, जुनं. किल्ली आत जायची पण फिरायची नाही. मी झटापट करतेय तर मागून म्हणाले, "जोर नको लावू. जरा वर उचल, मग फिरव." उचलली, फिरली.

रोज सकाळी आठला ते ऑफिस उघडायचे, झाडायचे, मग पेपर वाचत बसायचे. कुणी मदतीला गेलं तर चालायचं नाही. दोष होतेच. बैठकीत दुसऱ्याला पाच मिनिटं द्यायचे आणि स्वतः चाळीस मिनिटं घ्यायचे. मोबाइलवर आलेला मजकूर कागदावर काढून आणायला लावायचे. आणि सगळ्यात मोठा दोष म्हणजे, अठरा वर्षं सेक्रेटरी राहूनही आपल्यानंतर कोण, हा विषय त्यांनी एकदाही बैठकीत येऊ दिला नाही.

तो विषय शेवटी आम्हीच आणला. निवडणूक जवळ आली होती. तात्यांचं म्हणणं, मोठ्या पक्षाबरोबर जाऊ, एक जागा मिळेल, विधानसभेत आपला आवाज तरी राहील. आमचं म्हणणं, एका जागेसाठी किती वर्षं दुसऱ्यांच्या स्टेजवर कडेला उभं राहायचं? यावरून जिल्ह्यात सरळ दोन गट पडले. चहासुद्धा वेगवेगळ्या टपरीवर. पिंपळगावला मंगल कार्यालयात जिल्हा अधिवेशन भरलं. आमच्यात रीत अशी की मावळती कमिटी नावांची यादी वाचते आणि सभागृह टाळ्या वाजवून ती मंजूर करतं. यादीत सेक्रेटरी म्हणून तात्यांचंच नाव होतं. मालेगावचे सलीमभाई, यंत्रमाग कामगारांच्या युनियनचे, उठून म्हणाले, "आमच्याकडून एक नाव आहे." ते माझं होतं. मागे भांडी घासणाऱ्या बायासुद्धा थांबल्या. तात्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मग मतदान घ्यावं लागेल," म्हणाले, आणि स्वतःच वहीचे कागद फाडून चिठ्ठ्या करायला बसले. मिठाईचा रिकामा डबा मतपेटी म्हणून तेच घेऊन आले. मी नऊ मतांनी निवडून आले. तात्या माइकवर आले. वाटलं, आता चाळीस मिनिटं. ते एवढंच म्हणाले, "निकाल झाला. चला, भात गार होतोय."

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंचा फोन. "ताई, पहले ताला बदलो." मी म्हणाले, काहीतरीच काय. "काहीतरी नाही ताई. आमच्याकडे पार्टी फुटली ना, तेव्हा सकाळी गेलो तर टेबल, खुर्ची, चाळीस वर्षांच्या फायली, सब साफ. मी ग्यारा महिने सायकलच्या कॅरियरवर पार्टी चालवली." तात्यांचा गट तेव्हा खरंच वेगळ्या बैठका घेत होता. ऑफिस गेलं असतं तर कामगारांच्या केसेसची कागदपत्रं गेली असती. मी व्यवहारी बाई आहे. नवीन कुलूप आणलं आणि नव्या कमिटीत ठराव करून घेतला, किल्ल्या दोनच, सेक्रेटरी आणि खजिनदार यांच्याकडे. तात्यांना कळवायचं कुणी, हे मात्र ठरावात नव्हतं. प्रत्येकाला वाटलं दुसरा सांगेल. मला वाटलं, खजिनदार सांगेल.

तिसऱ्या दिवशी मी दहाला पोचले. तात्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले होते. जिना झाडून झालेला, केरसुणी शेजारी, हातात जुनी किल्ली. आठ वाजल्यापासून बसले होते. मी कुलूप उघडलं. ते आत आले. खिडकीत जुनं कुलूप पडलेलं होतं, ते उचलून म्हणाले, "हे टाकणार आहेस?"

"नाही. ठेवलंय."

"मग मी नेतो. किल्ली आहेच माझ्याकडं."

मला तो टोमणा वाटला. त्यानंतर ते रोज येत राहिले, पण दहा वाजता. झाडायला आता त्यांना वेळ मिळत नसे, आणि आम्हा कुणाच्या ते लक्षात यायला, खरं सांगायचं तर, केर साचावा लागला.

महिन्याभराने तात्या मला खाली हार्डवेअरच्या दुकानात घेऊन गेले. ऑफिसची जागा त्या दुकानदार शेठची. तात्यांनी खिशातून कागद काढला. "शेठ, भाडेकरू म्हणून माझं नाव आहे ते काढा. पार्टीचं घाला, सही ही करेल." शेठ माझ्याकडे बघून म्हणाले, "तात्या, तुमचेच लोक परवा माझ्याकडे आले होते. म्हणाले, कागद तात्यांचा, तात्यांनी नोटीस दिली की या बाईला सामान उचलावं लागेल. आणि तुम्ही हिलाच घेऊन आलात?"

"आले होते माझ्याकडंही," तात्या म्हणाले. "त्यांना म्हटलं, चिठ्ठ्या मी फाडल्या, डबा मी आणला. आता बसा गप. लय हौस असेल तर पुढच्या अधिवेशनात या."

म्हणजे ज्या माणसाला बाहेर ठेवायला मी कुलूप घातलं होतं, खोली कागदोपत्री त्याच्याच नावावर होती. जिना चढताना मी पर्समधून माझी किल्ली काढली. "तात्या, ही ठेवा."

ते थांबले. चिडले नव्हते, हे नक्की. "कमिटीचा ठराव आहे ना, दोघांकडंच किल्ल्या? मग आधी ठराव बदल. मग दे."

बरोबर होतं. मीही तेच म्हटलं असतं. ठराव बदलायला एका बैठकीचा एक विषय लागत होता, दोन मिनिटांचा. पुढच्या बैठकीला निवडणुकीचा विषय होता. त्याच्या पुढच्या बैठकीत माझ्या गटातले म्हणाले, आत्ता नको, चुकीचा अर्थ निघेल. मग आम्ही स्वतंत्र लढलो आणि पडलो. नंतर पराभवाची चर्चा तीन बैठका चालली. तात्या प्रत्येक बैठकीला यायचे, कोपऱ्यात बसायचे, एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाले नाहीत. विषयपत्रिका मी करत होते. दीड वर्ष तो विषय मी पुढच्या वेळी घालणार होते...

शोकसभेनंतरच्या कमिटी बैठकीत आत्मटीकेचा विषय आला. आमच्यात तो नेहमी असतो आणि बहुतेक वेळा लोक 'संपर्क कमी पडला' वगैरे सांगून बसतात. मी कुलपाचं सगळं सांगितलं, इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं. सलीमभाई म्हणाले, "मशवरा माझा होता, ताई. माझं पण नाव लिवा." लिहिलं.

गेल्या आठवड्यात सुमनकाकू मुलीकडे ओझरला गेल्या. तात्यांच्या शेवंतीच्या कुंड्यांना पाणी घालायला मला सांगितलं आणि घराची किल्ली दिली. मी दारापाशी पोचले तर कडीला ते पितळी कुलूप. काकू फोनवर म्हणाल्या, "अगं, घरचं कुलूप चांगलं होतं आमचं. यांनीच ते काढून हे लावलं. म्हणाले, रोज सकाळी खिशात किल्ली लागते मला, तिनं काहीतरी उघडायला हवं."

मी किल्ली घातली. फिरेना. घाई होती, दुपारी लेबर कोर्टात तारीख होती, मी जोर लावला. तरी नाही. मग थांबले. जरा वर उचलली आणि फिरवली.