सिंगा हवालदारांनी उतरवलेला झेंडा

“झेंडा तुमना, दार बठ्ठासनं.”

सिंगाभाऊंच्या तोंडून हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की आमच्या गावची पोरं ते खेळात म्हणायला लागली होती. झेंडा तुमचा, दार सगळ्यांचं. दार म्हणजे आमच्या पोलीस ठाण्याचं फाटक. निळ्या रंगाचं, एका बाजूनं जरा कललेलं, आणि दोन्हीकडं दगडी खांब.

आमचं गाव कापसाच्या पट्ट्यातलं. धरणगावकडं जाणारा रस्ता गावाच्या मधून जातो आणि सगळ्या मिरवणुका त्याच रस्त्यानं निघतात, कारण दुसरा रस्ताच नाही. सिंगाभाऊ मूळचे सातपुड्याच्या पायथ्याचे, पावरा समाजाचे. तिकडची शेती उतारावरची, पाऊस देईल तेवढी. उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायची आणि कापूस फुटला की वेचणीला खाली उतरायचं. असं उतरता उतरता त्यांच्या पाड्याची काही घरं आमच्या गावाच्या नाल्यापलीकडं कायमची वसली. त्या वस्तीत सिंगाभाऊंची थोरली बहीण मोतीबाई राहायची. भाऊ पोलिसात लागला तेव्हा तिनं वस्तीला गूळ वाटला होता. पाड्यात वर्दी आलेली ती पहिलीच.

मिरवणूक ठाण्यासमोर आली की उत्साहात कुणीतरी फाटकाच्या खांबावर आपला झेंडा बांधून जायचं. पूर्वी पोलीस तो ओढून काढायचे आणि तिथंच ठिणगी पडायची. सिंगाभाऊ आले आणि त्यांनी आपली रीत बसवली. रस्ता शांत झाला की बूट काढून अनवाणी उभं राहायचं, गाठ कापायची नाही, हातानं सोडायची. कापड जमिनीला लागू द्यायचं नाही. मग घडी घालून, ज्या आळीचा झेंडा त्या आळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या हातात नेऊन द्यायचा. पोरांच्या हातात कधीच नाही. पाड्यात देवाचं निशाण असंच उतरवतात, एवढंच ते सांगायचे. पोरं हवालदाराशी भांडली असती. आजीच्या हातातून झेंडा ओढून परत खांबावर बांधायची छाती कुणाची होणार?

पिंजारवाड्यात ते झेंडा घेऊन कनीजबींकडं जायचे. कनीजबी म्हणजे नासीर पिंजाऱ्याची आई. घरात कापसाचा भुगा उडत असायचा आणि तिच्या पांढऱ्या केसांत कापूस कुठला नि केस कुठले ते कळायचं नाही.

“ल्या माय, तुमना पोऱ्या आठे भुली ग्या व्हता.”

“भुलला कुठं, बांधून आलाय मेला,” कनीजबी म्हणायच्या. “बस सिंगाभाई, चाय घे. त्याला मी बघते.”

असे सण येत गेले. सिंगाभाऊंची बदली व्हायची आणि फिरून ते आमच्याकडंच यायचे. मधल्या काळात त्यांची बायको वारली, दोन्ही मुली सासरी गेल्या. निवृत्ती जवळ आली तेव्हा मोतीबाईनं आपल्या घराला लागून कुडाच्या भिंती उभ्या करायला घेतल्या. “क्वार्टर सुटनं का याठेच राहाना,” तिनं भावाला सांगून टाकलं. त्या माणसाला जायला आपली म्हणावी अशी तेवढी एकच जागा होती.

नेमक्या त्याच वर्षी गणपती आणि ईद एकापाठोपाठ आले, आणि ठाण्याला नवे साहेब आले. तरुण, बाहेरच्या जिल्ह्यातले, मनानं चांगले. मीही ज्या शांतता समितीत होतो, तिच्या बैठकीत त्यांनी एक विचार मांडला.

“लोक ठाण्याची पायरी चढायला घाबरतात. आपण असं करू, ज्या समाजाचा सण, त्याचा झेंडा फाटकावर. आपणच मानानं लावायचा. माणसाला वाटलं पाहिजे की हे ठाणं माझं आहे.”

बैठकीत टाळ्या पडल्या. पहिला मान आदिवासी दिनाचा, नऊ ऑगस्टचा ठरला. दाराशी उभे असलेले सिंगाभाऊ पुढं सरकले. “साहेब, एक इनंती शे...”

गणपती मंडळाचे रुपचंदशेठ मोठ्यानं हसले. “हवालदार, ते दाराचं आज राहू द्या. पहिला झेंडा तुमचाच लागतोय. पेढे काढा पेढे!”

सगळे हसले. सिंगाभाऊ परत दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांनाही तो झेंडा हवा होता, हे मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांचे झेंडे अदबीनं हाताळलेल्या माणसाला आपला झेंडा तिथं बघावासा वाटला, तर त्यात वावगं काय?

नऊ तारखेला वस्तीतून ढोल निघाला. पिवळं कापड, मधे तीरकमठा. सिंगाभाऊंनी बूट काढून तो स्वतःच्या हातानं खांबावर बांधला. मोतीबाई इतक्या वर्षांत त्या फाटकाजवळ कधी आली नव्हती. भावाचा डबा द्यायचा तरी रस्त्यापलीकडून हाक मारायची. त्या दिवशी ती फाटकापर्यंत आली, खांबाला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी स्वतः पाहिलं, म्हणून लिहितो.

झेंडा तसाच राहिला. पुढच्या समाजाची पाळी येईपर्यंत ठेवायचा, असं ठरलं होतं. पंधरा ऑगस्टला आवारातल्या काठीवर तिरंगा चढला, उतरला. फाटकावरचं पिवळं कापड तिथंच फडफडत होतं.

त्यानंतर एका सकाळी कनीजबी ठाण्याकडं येताना दिसल्या. फाटकासमोर थांबल्या, मान वर करून बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मागं फिरल्या. सिंगाभाऊ फाटकातच उभे होते. त्यांनी धावत जाऊन त्यांना हळदीच्या दुकानाजवळ गाठलं. मी तिथंच होतो.

“माय, काब्र फिरन्यात?”

“कुछ नहीं बेटा. ऐसेच आली होती.”

“ऐसेच कोनी ठाणामां येस का? सांगा ना.”

म्हातारी दुकानाच्या पायरीवर टेकली. मग म्हणाली, “पिंजायच्या मशीनची मोटर चोरीला गेली. नाल्यापलीकडचा एक पोरगा कामाला होता, त्याच्यावर वहीम आहे. आता तुमचा झेंडा लागलाय, खाली तू उभा. तुझ्या दारात येऊन तुझ्याच पोराचं नाव कसं घेऊ?”

“मी कोन शे माय तुमना? इतला वरीसमां मी कधी...”

“तू नाही रे,” कनीजबी म्हणाल्या. “तू तर तूच आहेस. पण वर जे बांधलंय ते पण बोलतं ना.”

सिंगाभाऊंनी कनीजबींना हाताला धरून ठाण्यात नेलं, तक्रार लिहून घेतली आणि तसेच साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. झेंडा उतरवायची परवानगी मागितली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. “सिंगा, महिनाभराची नोकरी राहिली तुझी. मी उतरवला तर समाज पेटेल. तू उतरवलास तर तुझी माणसं तुला सोडतील. कशाला?”

“मनाच हातनी बांधेल शे साहेब. दुसरानी उतारा त तो अपमान व्हई.”

साहेबांनी मान हलवून परवानगी दिली.

पण सिंगाभाऊ आधी वस्तीत गेले. चोरासारखं उतरवणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. आपसात ते पावरी बोलायचे. मी सोबत गेलो होतो, मला जे समजलं ते आमच्या अहिराणीत सांगतो. मोतीबाईचा मुलगा कुंदन मोटरसायकल पुसत होता. त्यानं फडकं आपटलं.

“मामा, वर्दी अंगले चिटकी गई का तुमना? बठ्ठासना झेंडा लागतीन, आपलाच उतरी?”

“कोनाच लागाव नई. आपला पहिले उतरना त मी दुसरासले ‘नई’ म्हनू शकसू.”

“म्हंजे बळी आपलाच!”

कुंदन बोलला त्यात खरं होतं आणि ते सिंगाभाऊंना कळत होतं. मोतीबाई भिंतीला माती लिंपत होती. तिनं हात थांबवला, पण वळून बघितलं नाही.

“आपलं निशाण पहिलांदाव सरकारना दारवर लागनं,” ती म्हणाली. “ते तू उतारशी त आठे येऊ नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी झेंडा उतरवला. गाठ पावसानं आवळली होती, नखं दुखेपर्यंत सोडवत बसले. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. त्यांनी घडी घातली आणि नाला ओलांडून बहिणीच्या दाराशी गेले. मोतीबाईनं तो घेतला नाही. आत गेली आणि दार लोटलं. सिंगाभाऊ झेंडा छातीशी धरून क्वार्टरवर परत आले आणि तो त्यांनी आपल्या ट्रंकेत ठेवला. पुढं मोटरही सापडली, वस्तीतल्याच पोराकडं, आणि वस्तीनं त्यांच्याशी बोलणं पार टाकलं. कुडाच्या भिंती तशाच अर्धवट राहिल्या.

गणपतीच्या आधी रुपचंदशेठ भगवा झेंडा घेऊन आले. मागोमाग नासीर ईदचा हिरवा घेऊन आला. “आता आमची पाळी, हवालदार,” शेठ म्हणाले.

सिंगाभाऊ फाटकात उभे राहिले. “शेठ, मी मना उतारा,” एवढंच म्हणाले.

रुपचंदशेठ तोंडाळ माणूस, पण त्यांनी झेंड्याची घडी घातली. त्यांनी नासीरकडं बघितलं. नासीर म्हणाला, “चला शेठ. अम्मीनं घरी सांगूनच ठेवलंय, झेंडा परत आणलास तरच जेवायला मिळेल.” दोघं हसत परत गेले. त्या वर्षी विसर्जन झालं, जुलूस झाला, आणि आमच्या गावात एक काचही फुटली नाही. शेजारच्या तालुक्यांत काय झालं ते वर्तमानपत्रात आलं होतंच. आम्ही वाचलं आणि मनातल्या मनात त्या माणसाला हात जोडले.

गणपती बसले होते त्याच दिवसांतली गोष्ट. मोतीबाईची धाकटी मुलगी शीतल कॉलेजातून एसटीनं यायची. रुपचंदशेठच्या मंडळातलं एक पोरगं रोज तिच्या मागं यायला लागलं, आणि एका संध्याकाळी त्यानं तिची ओढणी धरली. कुंदन काठी शोधायला लागला. मोतीबाईनं त्याला घरात कोंडलं, मुलीचा हात धरला आणि थेट ठाण्यावर आली. मंडपातला गजर ऐकू येत होता, चौकात पताकाच पताका होत्या. फाटकासमोर ती थांबली. दोन्ही खांबांकडं बघितलं. खांब रिकामे होते. ती आत गेली.

सिंगाभाऊ तेव्हा बंदोबस्तावर होते. जे कुणी हजर होतं त्यानं तिची तक्रार घेतली आणि त्याच रात्री पोराला मंडपातून उचलून आणलं. रुपचंदशेठ सोडवायला आले नाहीत. त्या पोराचं नाव मंडळाच्या फलकावरून त्यांनी स्वतः पुसलं. नाल्यापलीकडून जाणाऱ्यांना दिसलं की मोतीबाई त्या अर्धवट भिंतींसाठी परत माती कालवायला लागली आहे.

महिन्याच्या अखेरीला निरोप समारंभ झाला. नारळ, शाल, साहेबांचं भाषण. साहेब म्हणाले, “मी चांगल्या हेतूनं चुकलो होतो, या माणसानं मला सांभाळलं.” आम्ही सगळे फाटकाबाहेर जमलो होतो. सिंगाभाऊंनी आपली ट्रंक कुठं पाठवायची ते कुणाला सांगितलं नव्हतं. धाकट्या मुलीकडं शिंदखेड्याला जावं लागेल, असं पुटपुटत होते.

तेवढ्यात मोतीबाई आली. रस्त्यापलीकडून हाक मारायची तिची सवय. त्या दिवशी ती रस्ता ओलांडून आली. कुंदन मागं होता, मान खाली.

“छप्पर चढनं तुना घरवर,” ती भावाला म्हणाली. “चाल. भाकरी ठंडी व्हई ऱ्हायनी.”

“बाई, वस्ती काय म्हनी?”

“वस्ती म्हंजे कोन? मी सांगसू तीच वस्ती.”

कुंदननं ट्रंक उचलून मोटरसायकलवर ठेवली. “मामा, बसा.”

“पायीच येस रे,” सिंगाभाऊ म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. कनीजबींच्या पाया पडले, साहेबांना कडक सलाम ठोकला आणि बहिणीच्या मागं चालायला लागले. मोतीबाई पुढं, ते दोन पावलं मागं, जशी लहानपणी चालली असतील तशी. नाल्याच्या फरशीपुलावर ती थांबली, तेव्हा त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

फाटकाशी साहेब उभे होते, टोपी हातात घेऊन. कनीजबी होत्या, नासीर होता, रुपचंदशेठ होते आणि मी होतो. वस्तीच्या पहिल्या घराआड ती दोघं दिसेनाशी झाली, तरी आमच्यातलं कुणीच बराच वेळ जागचं हललं नाही.